जुन्या शैलीची खोली: आधी भिंत, खरेदी शेवटी

माझ्याकडे एक कोरीव कामाचा सोफा होता. शिसवी रंगाचं पॉलिश, पाठीवर द्राक्षांचे घोस, बाक आलेले पाय, लालभडक मखमल. तो घरात आला त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो. संध्याकाळी दिवे लावले आणि कळलं, की काहीतरी बिनसलंय. गुळगुळीत पांढऱ्या भिंती, पावणेतीन मीटरच्याही आत अडकलेलं छत, डोक्यावर थंड पांढरा एलईडी आणि मधोमध हा सोफा. नाटकातला राजा मेकअप न उतरवताच बसस्टॉपवर येऊन उभा राहावा, तसा.

मग मी सगळे करतात तेच केलं. सोफा एकटा पडला म्हणून त्याला सोबती आणले. पितळी घड्याळ, सोनेरी फ्रेमचा आरसा, झालरीचा लॅम्प. आता बसस्टॉपवर आख्खी नाटक कंपनी जमली.

क्रम चुकला होता. जुन्या शैलीची खोली आधी भिंतीवर उभी राहते, मग उजेडात, मग रंगात. त्यानंतर एखादं दमदार फर्निचर आणि अगदी शेवटी सटरफटर. आपण बरोब्बर उलट्या टोकाने सुरुवात करतो, कारण सटरफटर पिशवीत घालून आणता येतं. खाली सरळ क्रम मांडलाय. नवख्या माणसाने एका वेळी एकच खोली घ्यावी, आणि शक्यतो दिवाणखाना घेऊ नये. चुका करायला आतली खोली बरी.

पायरी 1: शैली निवडा, तिच्या कारणासकट

फोटो बघून शैली आवडते, ते ठीकच आहे. पण ती तशी का झाली हे कळलं, की आपल्या खोलीत तिचं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हेही कळतं.

इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातली जॉर्जियन शैली (1714 ते 1830) समतोलावर चालते. भिंतीच्या मधोमध शेकोटी, दोन्ही बाजूंना सारखी खिडकी, सारखी खुर्ची, सारखा दिवा. 1748 मध्ये पॉम्पेईचं उत्खनन सुरू झालं आणि जमिनीखालून रोमन घरांच्या रंगवलेल्या भिंती बाहेर येऊ लागल्या. रॉबर्ट ॲडम हा स्कॉटिश वास्तुकार 1750 च्या दशकात काही वर्षं इटलीत राहून आला आणि त्याने भिंती-छतांवर नाजूक, पातळ नक्षी आणि फिके रंग आणले. मन शांत ठेवणारी खोली हवी असेल तर इथे बघा.

व्हिक्टोरियन काळात (1837 ते 1901) यंत्रं आली आणि नक्षी स्वस्त झाली. जे आधी कारागीर महिनोन्महिने कोरायचा ते कारखान्यातून ढिगाने येऊ लागलं. 1856 मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग करता आला आणि कृत्रिम रंगांची वाट मोकळी झाली. म्हणून त्या काळच्या खोल्या भरगच्च आणि गडद दिसतात: परवडायला लागलं होतं आणि ते दाखवायचंही होतं. आजच्या लहान खोलीत हीच शैली सगळ्यात अवघड जाते. माझा सोफा तिचाच.

या भरगच्चपणाचा उबग येऊन आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळ उभी राहिली. विल्यम मॉरिस या इंग्रज नक्षीकाराने 1861 मध्ये मित्रांबरोबर सजावटीची कंपनी काढली. हाताने छापलेले वॉलपेपर, पानाफुलांची वळणदार नक्षी, आणि लाकडाचे सांधे लपवायचे नाहीत, उलट दिसू द्यायचे. नवख्यासाठी मला ही शैली सगळ्यात मायाळू वाटते. साधं लाकूड, सरळ रेषा, एका भिंतीवर पानांचा वॉलपेपर, एवढ्यावरही भागतं.

आर्ट डेको 1925 च्या पॅरिसमधल्या सजावटी कलांच्या प्रदर्शनामुळे जगभर गेली. नाव मात्र रूढ झालं ते पुष्कळ नंतर, 1960 च्या दशकात. सूर्यकिरणांसारख्या रेषा, पायऱ्यापायऱ्यांचे आकार, चकचकीत व्हिनियर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा), क्रोम, काच. आणि दुसऱ्या महायुद्धानंतरची मिड-सेंच्युरी शैली तर आजच्या घरांची सख्खी मावशीच: वाकवलेलं प्लायवूड, बारीक निमुळते पाय, फर्निचरखालून दिसणारी जमीन. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याची प्लायवूड आणि चामड्याची आरामखुर्ची 1956 ची आहे, आणि आजही ती कुठल्याही नव्या घरात परकी वाटत नाही.

माझा ठोकताळा असा. छत 2.7 मीटरच्या आत असेल तर मिड-सेंच्युरी, आर्ट्स अँड क्राफ्ट्स किंवा हात राखून केलेली आर्ट डेको. 3 मीटरच्या वर असेल तर जॉर्जियनचा विचार करा. व्हिक्टोरियनचा मोह आवरत नसेल तर एका भिंतीपुरती ठेवा. दोन शैली एकत्र आणायला हरकत नाही, पण एक यजमान आणि दुसरी पाहुणी असू द्या. दोन्ही यजमान झाल्या की भांडण ठरलेलं.

पायरी 2: भिंतीवरच्या रेषा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. जुन्या खोलीतली भिंत म्हणजे खरं तर सपाट केलेला खांब आहे. ग्रीक-रोमन खांबाला खाली बैठक, वर उभा दांडा आणि डोक्यावर आडवा पट्टा असतो. तेच भाग भिंतीवर उतरले. जमिनीलगतची स्कर्टिंग आणि तिच्यावरचा कमरेपर्यंतचा भाग म्हणजे बैठक, त्या बैठकीची वरची कड म्हणजे डेडो रेल नावाची आडवी पट्टी, वरची मोकळी भिंत म्हणजे दांडा आणि भिंत आणि छत मिळतात तिथली पट्टी, कॉर्निस, म्हणजे माथा. डेडो रेलचं आणखी एक रोखठोक काम होतं. खुर्च्या भिंतीला लावून ठेवायची पद्धत होती आणि त्यांच्या पाठीमुळे गिलाव्याचे पोपडे निघायचे. पट्टी तो मार झेलायची. तशीच वरची पिक्चर रेल. तिच्यावर आकडे अडकवून तसबिरी टांगायच्या, म्हणजे भिंतीत खिळे ठोकावे लागत नाहीत.

ही प्रमाणं उंच छतांसाठी जमली होती. आपल्याकडे तेवढी उंची नसेल तर सगळंच घेता येत नाही. 2.6 ते 2.7 मीटर छतासाठी मला जमलेली मापं: स्कर्टिंग 12 ते 15 सेंटिमीटर, डेडो रेल जमिनीपासून 80 ते 85 सेंटिमीटरवर, कॉर्निस 6 ते 8 सेंटिमीटरची. डेडो रेल आणि पिक्चर रेल यांपैकी एकच ठेवा. दोन्ही लावल्या तर भिंतीचे तीन तुकडे होतात आणि छत डोक्यावर येतं.

पहिल्या खेपेला मी पट्टी भिंतीच्या बरोब्बर मध्यावर मारली होती. कागदावर ते समंजस वाटलं. खोलीत बसलो तर गळ्यापर्यंत पाणी भरल्यासारखं वाटायला लागलं. तेव्हापासून एक सवय लावून घेतली: पट्टी विकत आणायच्या आधी मास्किंग टेप. पाणसळ धरून पेन्सिलीने बारीक खुणा करायच्या, टेप चिकटवायची आणि तीन दिवस तशीच ठेवायची. सकाळी बघा, रात्री दिवे लावून बघा, खुर्चीत बसून बघा, दारातून आत येताना बघा. डोळ्याला खटकलं तर टेप पाच सेंटिमीटर खाली. टेप हलवायला काही लागत नाही. खिळे मारलेली पट्टी काढताना भिंतीची खपली निघते.

पट्टीखाली किंवा वर मोल्डिंगच्या, म्हणजे उठावाच्या बारीक पट्ट्यांच्या, चौकटी करायच्या असतील तर हिशोब सोपा आहे. समजा भिंत 330 सेंटिमीटर रुंद आहे आणि तीन चौकटी हव्यात. दोन्ही कडांना आणि चौकटींच्या मध्ये मिळून चार मोकळ्या जागा येतात. प्रत्येकी 10 धरल्या तर 40 गेले, उरले 290. भागिले तीन, म्हणजे एक चौकट सुमारे 96.7 सेंटिमीटर. बाजूच्या आणि मधल्या जागा सारख्या ठेवल्या की भिंत आपोआप नीटस दिसते. हे सगळं करायच्या आधी भिंतीवरचे स्विचबोर्ड आणि प्लग टेपच्या नकाशावर खुणावून घ्या. चौकटीच्या कडेवर अर्धा आत अर्धा बाहेर बसलेला बोर्ड आयुष्यभर छळतो.

कोपऱ्यांना पट्टी 45 अंशांत कापतात, हे सगळ्यांना माहीत असतं. खोलीचे कोपरे मात्र क्वचितच नेमके काटकोनात असतात. गुण्या लावून बघा, मग पट्टीच्या टाकाऊ तुकड्यावर कापून जुळवा आणि मगच लांब पट्टीला करवत लावा. भिंतीला ओल येत असेल तर एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) पट्टी फुगते. तिथे पीयू (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लॅस्टिक) किंवा लाकूड बरं. आणि ओलीचं कारण आधी दूर करा, पट्टीआड झाकू नका.

पायरी 3: उजेड

खोलीचं सोंग सगळ्यात आधी उघडं पाडतो तो दिवा. मेणबत्तीच्या उजेडाचं रंगतापमान 1900 केल्विनच्या आसपास असतं, म्हणजे चांगलाच पिवळसर. बाजारातला थंड पांढरा एलईडी 6000 ते 6500 चा. जुन्या फर्निचरचे रंग, सोनेरी कडा, लाकडाचा गहिरेपणा हे सगळं मंद पिवळ्या, बाजूने येणाऱ्या उजेडासाठी केलेलं असतं. वरून निळसर झोत पडला की तेच लाकूड करडं दिसतं.

म्हणून 2700 केल्विनचे बल्ब घ्या आणि डब्यावर सीआरआय 90 च्या वर आहे का ते बघा. हा आकडा रंग किती खरे दिसतील ते सांगतो. तो कमी असेल तर मरून आणि तपकिरी एकाच चिखलात मिसळतात. छतावरचा एकच मोठा दिवा विझवून तीन ठिकाणी कमी उंचीचे दिवे ठेवा. विजेच्या आधीच्या काळात दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर उंच आरसा लावायचे, मेणबत्त्यांचा उजेड दुप्पट व्हावा म्हणून. ही युक्ती आजही तितकीच चालते. आरसा लावताना मात्र त्यात काय दिसतंय ते बघा. माझ्या आरशात बरेच दिवस फ्रीज दिसत होता.

पायरी 4: रंग

थोडक्यात सांगतो, कारण रंगावर लोक गरजेपेक्षा जास्त भांडतात. भिंतीचा, पट्ट्यांचा आणि कॉर्निसचा रंग एकाच कुळातला ठेवा. बुटक्या खोलीत तर मोल्डिंग भिंतीच्याच रंगात रंगवा, फक्त चमक थोडी जास्त. रेषा सावलीने दिसतात आणि तेवढं पुरतं. नमुना भिंतीवर थेट लावण्याऐवजी मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा खोलीभर फिरवा, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात रंग कसा बदलतो ते दिसेल.

घर खरंच जुनं असेल तर एक धोका लक्षात ठेवा. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. अमेरिकेतसुद्धा घरगुती रंगांतून ते 1978 मध्ये बंद झालं. 1775 मध्ये शील या रसायनतज्ज्ञाने केलेला हिरवा रंग आर्सेनिकचा होता आणि एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी वॉलपेपरांत तो किंवा त्याचे भाऊबंद होते. जुना रंग किंवा कागद कोरडा घासू नका. आधी तपासून घ्या, आणि लहान मूल घरात असेल तर ते काम जाणत्या माणसाकडे द्या.

पायरी 5: एक दमदार वस्तू

आता फर्निचर, आणि तेही एकच नग. कपाट, मेज, खुर्ची, काहीही. घेण्याआधी दाराची रुंदी, जिन्याचं वळण आणि लिफ्ट मोजून घ्या. हे मी मोठ्या अनुभवाने सांगतोय.

जुनं म्हणून घेत असाल तर विक्रेत्याच्या गोष्टी ऐका, पण खण बाहेर काढून उलटा करून बघा. समोरची फळी आणि बाजूची फळी जिथे मिळते तिथे डव्हटेल सांधा असेल, कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखा. हाताने कापलेल्या शेपट्या थोड्या लहानमोठ्या असतात, कारागिराने मारलेली पातळ रेघही दिसते. सगळ्या अगदी सारख्या असतील तर यंत्राचं काम. मग स्क्रू बघा. फुलीचे स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आले. दीडशे वर्षांपूर्वीचं म्हणून दाखवलेल्या कपाटात फुलीचे स्क्रू असतील तर एक तर मधे दुरुस्ती झालीय किंवा गोष्ट रंगवलीय. पाठफळी प्लायवूडची असेल तर तेही विचारा. लाकडाला बारीक भोकं आणि खाली ताजा, पिठासारखा भुसा दिसला, तर किडा अजून आत जेवतोय. ती वस्तू घरात आणू नका.

डुगडुगणारी खुर्ची बघून मात्र घाबरू नका. जुने सांधे बहुधा सरसाने जोडलेले असतात. ऊब आणि ओलावा दिला की सरस सुटतो, सांधा उघडतो, साफ करून परत जोडता येतो. आधीच कुणी त्यावर पांढरा फेव्हिकॉल ओतला असेल तर तो आधी पूर्ण खरवडावा लागतो, नाहीतर नवीन जोड धरत नाही.

खरं जुनं परवडत नसेल किंवा मिळत नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. मिखाएल थोनेट या फर्निचर बनवणाऱ्याची 14 नंबरची खुर्ची 1859 ची. वाफेने वाकवलेलं लाकूड, सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या करून छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. म्हणजे आपण आज ज्याला नवं म्हणतो ते घरी जोडायचं फर्निचर तेव्हाही होतं, आणि ते आता क्लासिक आहे. तिच्या धाटणीच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आजही बनतात.

पायरी 6: पॉलिश स्वतः करून बघा

एक तरी काम आपल्या हाताने करा. मी सुचवेन ते लाखेचं पॉलिश.

आधी जुनं पॉलिश कसलं आहे ते ओळखा. न दिसणाऱ्या जागी, पायाच्या आतल्या बाजूला वगैरे, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट धरा. पृष्ठभाग चिकट झाला तर ती लाख आहे आणि तुमचं नशीब चांगलं, कारण नवी लाख जुन्या लाखेत विरघळून एकजीव होते. जुना थर सगळा खरवडायची गरजच पडत नाही. मेण आणि मळ साफ केला, बारीक पेपरने हलका हात फिरवला की झालं. हलकाच फिरवा. जुनं व्हिनियर बऱ्यापैकी जाड असायचं, पण आजचं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, चार जोरदार हातांत खालचं प्लाय दिसायला लागतं.

चपडी लाख आणि स्पिरिट, एका लिटरला सुमारे 120 ते 240 ग्रॅम. बरणी काचेची किंवा प्लॅस्टिकची, झाकण घट्ट. रात्रभर मुरू द्या, मधून मधून हलवा आणि जुन्या सुती कापडातून गाळा. बरणीवर तारीख लिहा. सहा महिन्यांपेक्षा जुनं द्रावण नीट सुकत नाही, बोटाचे ठसे धरतं. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस-काडी नको, स्पिरिट भडकतं.

आता गाठोडं. मुठीत मावेल एवढा कापूस, त्यावर वारंवार धुतलेल्या सुती कापडाचा तुकडा, खाली एकही सुरकुती नको. लाख कापसावर ओता, कापडावर नाही. तळहातावर दाबून बघा: नुसता ओलसर ठसा उठला पाहिजे, थेंब नको. मग टेकायच्या आधीच हात चालू झाला पाहिजे, विमान धावपट्टीवर उतरतं तसा. फळीवर लांब हात, मग इंग्रजी आठसारखी वळणं, आणि चालत्या हातानेच बाहेर. मधे थांबलात की संपलं. स्पिरिट खालचा थर क्षणात मऊ करतं, कापड चिकटतं आणि कापडाची वीण फळीवर उमटते. माझ्या मेजावर अशी एक चौकोनी वीण आहे, फोन वाजला त्या क्षणाची. गाठोडं अडखळू लागलं तर तळाला जवसाच्या तेलाचा एक थेंब लावा. एकच.

पहिल्या चार-पाच थरांत काही विशेष दिसत नाही आणि माणूस वैतागून घट्ट द्रावण करतो. करू नका. पातळ थर, मधे तास-दोन तास विश्रांती, दुसऱ्या दिवशी पुन्हा. सातव्या-आठव्या थराच्या सुमाराला लाकडाच्या रेषा आतून उजळल्यासारख्या वर येतात. एक मर्यादा आहे: लाखेवर गरम भांडं किंवा दारू सांडली तर पांढरा डाग पडतो. जेवणाच्या टेबलाला म्हणूनच ही लाख नको, कपाटाला आणि खुर्चीला द्या.

पायरी 7: कापड आणि सटरफटर

पडदे छतापासून जमिनीपर्यंत सोडा. खिडकीच्या चौकटीपुरते आखूड पडदे सगळी मेहनत वाया घालवतात. गालिचा एवढा मोठा घ्या, की फर्निचरचे निदान पुढचे पाय त्यावर येतील. नक्षी एकाच ठिकाणी मोठी, बाकी ठिकाणी बारीक किंवा साधी. बाकीच्या शोभेच्या वस्तू एका खोक्यात भरून ठेवा आणि आठवड्याला एक बाहेर काढा. त्यातल्या निम्म्या वस्तू खोक्यातच राहतात, असा माझा अनुभव आहे.

झालरीचा लॅम्प माझ्या खोक्यात आहे. खोलीत आता डेडो रेल आहे, दोन वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आहेत आणि खिडकीजवळ एक लाख मारलेलं बुटकं कपाट. सोफा विकला. घ्यायला आलेल्या बाईंना मी आधी छताची उंची विचारली. त्या म्हणाल्या, साडेतीन मीटर. मग दाराची रुंदी विचारली, तर त्यांनी पर्समधून टेप काढून सोफाच मोजायला घेतला.